भिंतीवरचं बारावं तबक

लतीफ, मला तुझा संशय येतो आहे.

जाऊन अकराच दिवस झालेल्या माणसाशी अशी सुरुवात करू नये, हे मला कळतं. पण तू मला सत्तावीस वर्षं ओळखत होतास. अल खफजीच्या या कॅम्पात मला सगळे सुधाकर म्हणतात, तू एकटाच इन्स्पेक्टर म्हणायचास, आणि त्यात अर्धी थट्टा असायची. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर लावलेला रंग नीट बसला आहे की खालून गंज पोखरतो आहे, हे बघायचा मला पगार मिळतो. वरचा रंग चांगला दिसला की मला आधी शंका येते. ही खोड घरी आली, मैत्रीत आली, आणि आता तुझ्या मागेही लागली आहे. तुझ्याबद्दल गोड गोड लिहायला बसलो होतो. चार ओळी लिहून फाडल्या.

मला एवढंच विचारायचं आहे. गेल्या जुलैत मी तुझ्याशी खोटं बोललो, ते तुला तेव्हाच कळलं होतं का?

आता तू म्हणशील, इन्स्पेक्टर, शिस्तीत सांग, पहिल्यापासून. बरं.

आपली ओळख एका इफ्तारला झाली. मी नवा होतो, कॅम्पात दुसरा मराठी माणूस आहे असं कुणीतरी सांगितलं, आणि तो माणूस मला मशिदीबाहेर अंथरलेल्या प्लास्टिकच्या लांबलचक सुफऱ्यावर हाताला धरून बसवायला घेऊन गेला. तो तू. म्हणालास, "रोजा नसला म्हणून काय झालं, भूक तर हाय ना?" तुझ्यासमोर पत्र्याचं एक गोल तबक होतं, खजुरांनी भरलेलं. घरी परत जाणाऱ्या एका म्हाताऱ्या अमेरिकन ड्रिलरने ते तुला निरोपाची भेट म्हणून दिलं होतं, आणि तू चहाचा छान ट्रे मिळाला म्हणून खुशीत होतास. रांगेतून हात येत होते, अजानआधी आपापल्या पुढ्यात ठेवायला खजूर उचलले जात होते. उजव्या बाजूला दोन पाकिस्तानी इलेक्ट्रिशियन, डाव्या बाजूला बिहारचे एक वयस्कर मौलवी. खजूर कमी झाले तसा खालून एक लाल घोडा दिसायला लागला, मग सोनेरी वेलबुट्टीची अक्षरं. तू उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. पुढे गोदामात काम करून खोक्यांवरची ठळक इंग्रजी अक्षरं तुला वाचता यायची, पण ही वळणदार नक्षी तुझ्या आवाक्याबाहेरची होती. माझ्या नव्हती.

मी तुझ्या कानाशी लागून म्हणालो, "अहो, हे बिअरच्या कारखान्याचं आहे."

तू माझ्याकडे बघितलंस, तबकाकडे बघितलंस, आणि दुसऱ्या पिशवीतले मूठभर खजूर घोड्यावर ओतलेस. "आता अजान होईल," म्हणालास, "गप्प बस. खजूर हलाल हाय." मग रांग उठेपर्यंत ते तबक तू मांडीवर पालथं धरून बसला होतास. सौदीतल्या एका मशिदीच्या दारात, रमजानात, दारूच्या जाहिरातीवर अख्ख्या रांगेचा रोजा सोडवणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. शेवटचाही तूच असशील.

दुसरा कुणीही ते तबक त्याच रात्री कचऱ्यात टाकून मोकळा झाला असता. तू आठवडाभर ते तसंच ठेवलंस आणि मला घेऊन कॉम्प्युटरवर बसलास. तेव्हा कळलं की अमेरिकेतही एके काळी देशभर दारूबंदी होती. तुझा विश्वासच बसेना. "अमेरिकेत? दारूबंदी?" असं तू तीन वेळा विचारलंस आणि मग खुर्चीत मागे रेलून इतका हसलास की बाजूचे लोक बघायला लागले. त्याआधी प्रत्येक गावाचा आपला बिअरचा कारखाना असायचा, आणि ते आपल्या नावाचे रंगीत पत्र्याचे ट्रे गुत्त्यांना वाटायचे. बंदी आली आणि शेकडो कारखान्यांना टाळं लागलं. पुढे बंदी उठली तेव्हा काही पुन्हा सुरू झाले, पुष्कळसे कायमचे गेले. तुझ्या घोड्याचा कारखाना गेलेल्यांतला होता.

मग तू बिहारच्या त्या मौलवींना जाऊन विचारलंस, कशाबद्दल ते न सांगता, की दुकान कायमचं बंद झालं असेल तर त्याच्या पाटीला जाहिरात म्हणायचं का. ते म्हणाले, मग ते नुसतं लाकूड. तू परत आलास तो नियम ठरवूनच. बंदीच्या आधीचं तबक हवं. कारखाना पुन्हा कधीही उघडलेला नसावा. बाहेरून मागवायचं नाही, या देशात जे आधीच आलेलं आहे तेवढंच घ्यायचं. आणि भिंतीवर लावायचं ते पालथं, चित्र भिंतीकडे. तुझ्या खोलीत येणाऱ्याला भिंतीवर काळ्या पत्र्याच्या गोल पाठी दिसायच्या. कुणी विचारलं तर तू म्हणायचास, "डेकोरेशन."

या पालथ्या तबकांवरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, हा भित्रेपणा आहे, ठेवायचं तर सरळ ठेव नाहीतर ठेवू नकोस. तू म्हणायचास, मी कुणाला घाबरत नाय, पण नमाजाला उभं राहायचं तर समोर घोडा कशाला? ते भांडण मिटलेलं नाही. मला अजून वाटतं की त्यात थोडी भीती होती, आणि ती भीती तुझ्यापेक्षा मला जास्त होती. कॅम्पातलं कोण तुझ्या खोलीत डोकावतं, कोण कुणाला काय सांगेल, याची यादी मी मनात ठेवून होतो. तू दार सताड उघडं टाकून मासे तळायचास.

तबकं मिळायची ती दम्माम-खोबरच्या बाजूला. अमेरिकन कुटुंबं मायदेशी परतताना कंपाउंडमध्ये घरातलं सामान विकायला मांडायची. आजोबांच्या स्वयंपाकघरातून इथवर आलेलं एखादं तबक त्यात असायचं. शुक्रवारची नमाज झाली की आपण निघायचो, तीन तासांची गाडी, तू कांद्याची भजी बांधून घ्यायचास. तुझं काम घासाघीस करायचं. माझं काम संशय घ्यायचं, कारण या बाजारात खोटी तबकं मुबलक. जुन्या चित्रांच्या नव्या नकला, मुद्दाम घासलेल्या, मुद्दाम गंजवलेल्या. भिंगाखाली धरलं की नव्या छपाईत एकसारखे, रांगेत उभे असलेले ठिपके दिसतात. जुन्यात तसे नसतात, तिथे छपाईचं चित्र हाताने काढलेलं असतं. जुन्याच्या काठावर छापणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत असतं. आणि खरा गंज रंगाच्या खालून वर येतो, खोटा वरून लावलेला असतो. गंजाबद्दल मला कुणी शिकवायला नको. तू भिंगाला कधी हात लावला नाहीस. मी मान वर करेपर्यंत तू श्वास धरून उभा असायचास आणि मग विचारायचास, "बोल इन्स्पेक्टर. खरी का खोटी?"

खरी निघाली तर भिंतीवर. खोटी निघाली किंवा कारखाना पुन्हा उघडलेला निघाला तर स्वयंपाकघरात, कांदा चिरायला आणि भाताच्या टोपावर झाकण म्हणून. एका तबकाचा कारखाना बंदीनंतर दुसऱ्याच मालकाने त्याच नावाने चालू केला होता. त्यावर आपण तीन दिवस वाद घातला. मी म्हटलं, मालक वेगळा, जागा वेगळी, म्हणजे जुना गेलाच की. तू म्हणालास, "नाव जिता हाय," आणि भाताच्या टोपावर ठेवून दिलंस.

मला खूप वर्षं कळत नव्हतं की तू हे सगळं का करतोस. तुला बिअरची चव ठाऊक नाही, चित्रांची खास आवड नाही. मला शंका यायची की तू ती पुढे कुणाला विकणार आहेस. एकदा विचारलंच. तू तेव्हा गोदामातल्या व्हॉल्व्हची मोजणी करत होतास. हातातली यादी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "त्यांचा पण एक स्टोअरकीपर असेल ना? सकाळी कामाला आला आणि सांगितलं, यल्ला, खलास. सगळ्यांची एकदम फायनल एक्झिट. त्यानी चावी कुणाच्या हातात दिली असेल?"

त्यावर मी काहीतरी फालतू बोललो. तेव्हा इथे प्रत्येक महिन्याला कुणाचं ना कुणाचं नाव घरी पाठवायच्या यादीत येत होतं, आणि तू रोज सकाळी गोदामाची चावी खिशात आहे ना, हे हात लावून बघायचास. लतीफ, तेव्हा तुझ्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. ते राहून गेलं.

बाराचा आकडा कुठून आला ते तुलाही सांगता आलं नसतं. "डझन झाली की निघालो," असं तू भाभींना फोनवर सांगितलंस आणि ते धरून बसलास. दापोलीकडे खाडीच्या काठाला तू घर बांधलं होतंस आणि त्यात तू स्वतः, सगळे महिने मिळून धरले तर, दोन-अडीच वर्षं राहिला असशील. बाकी सगळं भाभींनी केलं, दोन्ही मुलींची लग्नंसुद्धा. त्या फोनवर माझ्याशी बोलायच्या तेव्हा विचारायच्या, "सुधाकरभाऊ, किती झाली?" अकरा झाली आणि मग सहा वर्षं गाडी तिथेच अडली. जुनी अमेरिकन कुटुंबं संपत आली होती. मुली सासरी गेल्या, तुझी साठी उलटली, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, एकेक वर्षाने वाढत राहिला, आणि बारावं तबक काही मिळेना. मी मनातून निर्धास्त होतो.

या सहा वर्षांत अलका गेली. माझी बायको कशी गेली ते तुला सांगायला नको, विमानतळावर मला तूच सोडलंस आणि परत आल्यावर घ्यायलाही तूच होतास. नाशिकला मुलाच्या घरी माझ्यासाठी एक खोली आहे, असं तो म्हणतो. ती खोली मी बघितली आहे. त्यात इस्त्रीचं टेबल असतं. माझी निवृत्ती येत्या एप्रिलची. तोवरचे महिने मला एकट्याने काढायचे नव्हते, आणि हे मी कुणापाशी बोललो नव्हतो.

जुलैच्या त्या शुक्रवारी खोबरच्या कंपाउंडमधल्या एका अमेरिकन म्हातारीने खोक्यातून लांबट गोल तबक काढलं. त्यावर बाई नव्हती, घोडा नव्हता, कुत्रा नव्हता. त्यावर कारखानाच होता. लाल विटांची इमारत, दोन धुराडी, फाटकाशी पिंपं लादलेल्या गाड्या, आणि नखाएवढी माणसं. तू ते हातात घेऊन उजेडाकडे धरलंस. मग गोदामाच्या दारातल्या एका ठिपक्याएवढ्या माणसावर बोट ठेवलंस. त्याच्या हातात पांढरा कागद होता. "हा बघ," म्हणालास. "हा तोच."

तू फोनवर नाव शोधून माझ्यासमोर धरलंस. कारखाना बंदीत बुडाला होता आणि पुन्हा उघडला नव्हता. मग म्हातारीला पैसे देऊन आपण गाडीत बसलो, एसी लावला, आणि मी भिंग काढलं.

मी खूप वेळ बघत होतो. तुला वाटलं असेल, काळजीपूर्वक बघतो आहे. मी दोष शोधत होतो आणि सापडत नव्हता. ठिपके नव्हते. काठावर छापणाऱ्याचं नाव होतं. गंज रंगाखालून आलेला होता, अगदी सच्चा. आयुष्यात इतका निर्दोष पत्रा मी क्वचित पाहिला असेल. आणि मला दिसत होतं ते एवढंच, की ऑगस्टमध्ये तू जाणार, आणि सप्टेंबरपासून मी दर शुक्रवारी खोलीत एकटा बसणार.

तू विचारलंस, "बोल इन्स्पेक्टर."

मी म्हणालो, "खोटं आहे. ठिपके एकसारखे आहेत."

"असं म्हणतोस?"

"म्हणजे अकराच झाली," मी म्हणालो.

"अकराच," तू म्हणालास, आणि तबक टॉवेलमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलंस. जुबैल ओलांडेपर्यंत आपण गप्प होतो. त्यानंतर तू हमूर माशाच्या भावाबद्दल बोलायला लागलास.

मला तिथेच शंका यायला हवी होती. कारखान्याच्या एका नावावरून तीन-तीन दिवस वाद घालणारा माणूस हातात आलेलं बारावं तबक एका शब्दावर सोडून देतो? पण खोटं बोलणाऱ्याला समोरच्याचं गप्प बसणं फार सोयीचं असतं. मी तुझ्यावर संशय घेतला नाही, अशी ती एकच वेळ.

पुढचे आठ महिने माझे फार चांगले गेले. हे मला लाज वाटत असली तरी लिहायला हवं. तू रोज असरच्या नमाजानंतर माझ्या खोलीवर यायचास. गुरुवारी मासे आणायचास आणि माझ्या शेगडीवर कालवण करायचास, अलका करायची तसं त्रिफळं घालून. ती कुठून मिळवलीस ते मला कधी सांगितलं नाहीस. माझ्या निवृत्तीच्या कागदांमागे माझ्यापेक्षा जास्त तूच लागला होतास. "एप्रिल पक्का ना?" दर आठवड्याला विचारायचास. माझ्या मुलाला माझ्या फोनवरून फोन लावायचास आणि त्याला सांगायचास की बापाला इस्त्रीच्या टेबलाबरोबर झोपवू नको. इतकं चांगलं तू मला त्याआधी कधीच वागवलं नव्हतंस. आधी तू मला शिव्या घालायचास.

आणि मग मार्चमधल्या त्या दुपारी गोदामात तुझ्या छातीत दुखलं. मी समुद्रावरून परत येऊन हॉस्पिटलात पोचलो तेव्हा पडदा ओढलेला होता. भाभींचं संमतीपत्र यायला चार दिवस लागले, आणि तुला इथेच, कब्रस्तानाच्या भिंतीलगतच्या रांगेत ठेवलं. माती द्यायला लोक पुढे गेले तेव्हा मी जरा मागे उभा होतो. तुझ्या गोदामातल्या सुदानी फोरमनने मला दंडाला धरून पुढे नेलं आणि माझ्या हातात माती दिली.

परवा कॅम्पबॉसने तुझ्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. रविवारपर्यंत रिकामी करायची होती. कुणाच्या हाती लागायच्या आत तबकं काढायची म्हणून मी घाईने गेलो. दार लावून घेतलं, भिंतीसमोर उभा राहिलो आणि सवयीने मोजली.

बारा होती.

बारावं लांबट गोल, तुझ्या उशाशी. मी ते उलटून बघितलं, विटांचा कारखाना, दोन धुराडी. मग मी माझं नेहमीचं काम केलं. खिळा बघितला. तबकाच्या कडेने भिंतीवर धुळीची रेघ धरली होती, अकरांच्या मागे होती तशीच, थोडी फिकट. खफजीची धूळ मला कळते. आठवड्याभरात ती अशी बसत नाही. ते तबक तू जुलैतच टांगलं होतंस. स्वयंपाकघरात गेलो तर खोटी तबकं कांद्याच्या वासासकट जागच्या जागी होती. जे मी खोटं म्हणून सांगितलं होतं ते तू तिथे नेलंच नव्हतंस.

घाम आला होता म्हणून एसी लावला. लतीफ, तुझा एसी अजिबात आवाज करत नाही. जुलैपासून तू मला सांगत होतास, "माझा एसी बोंबलतो, तुझ्याकडेच बसू." मी त्या खोलीच्या पलंगावर बसून तो चालू-बंद करून तीनदा बघितला.

म्हणजे तुला ठाऊक होतं. मला त्या भिंतीपासून लांब ठेवायला तू एसीवर खोटा आळ घेतलास. गोळ्यांची पाकिटंही सापडली, हृदयाची, अर्धी संपलेली. मला तू पित्ताचा त्रास म्हणून सांगत होतास. मग मला राग आला. मी एक खोटं बोललो, तू किती बोललास? आणि खरं तबक भिंतीवर लावून तू इथे बसलास तरी कशाला?

इथून पुढे माझ्या डोक्याने नेहमीचा रस्ता धरला. मला वाटलं, तुला जायचंच नव्हतं. सुट्टीवर गेलास की दोन-दोन दिवस आधी परत यायचास, हे मला आठवलं. तिकडे ओटीवर पाहुण्यासारखं बसायला तुला भीती वाटत असणार, माझ्या खोटेपणाचं तू निमित्त केलंस, आणि मी उगाच मनाला लावून घेतो आहे. सगळे पुरावे बसत होते. दोन दिवस मी हे उत्तर धरून बसलो. रात्री जेवलोही नीट. आणि तरी वरचा रंग चांगला दिसला की येते तशी शंका यायची ती यायचीच.

तबकं तांदळाच्या गोणीत भरून तुझ्या ब्लॉकच्या फाटकातून बाहेर काढली, माझ्या खोलीवर न्यायला. गार्डने विचारलं, क्या है? मी म्हणालो, लतीफभाई के बर्तन. त्याने गोणीकडे बघितलंसुद्धा नाही. कपाळाला हात लावून म्हणाला, ले जाओ साब. कोण कुणाला काय सांगेल याची यादी मी उगाच सत्तावीस वर्षं ठेवत होतो.

आज शुक्रवार. दुपारी भाभींना फोन केला. सामानाचं विचारायचं होतं. घड्याळ, नमाजाची जानमाज, तुझा तो जुना स्वेटर, एकेक सांगत गेलो. त्या हं हं म्हणत होत्या. मग त्यांनीच विचारलं, "तबकं किती?"

मी म्हणालो, "बारा."

त्यांच्या मागे कुठेतरी कोंबड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "भाभी, बारावं खरं होतं. मी त्याला खोटं सांगितलं. तो ऑगस्टमध्ये निघाला असता."

"ठाऊक हाय मना," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी त्यांनी फोनवर सांगलानी. सुधाकर लबाड बोलला म्हणाले. त्याला लबाड बोलता येत नाय, घाम फुटला होता म्हणाले, एसी चालू असून."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मग तो आला का नाही?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, त्याची एप्रिलात सुटी होतेय, संगतीच येतो. एकट्याला ठेवून आलो तर तो सुकून जाईल. मी म्हटलं, आणि मी? तर म्हणाले, आठ महिनेच हायत ना, इतकी वर्षं काढलीस. ओटीची भिंत रंगवून घेतली होती मी. बारा खिळे मारून घेतले होते."

मी माफ करा म्हणालो. दोनदा म्हणालो. लतीफ, मला वाटत होतं त्या रडतील, किंवा मला शिव्या घालतील, किंवा जाऊ द्या म्हणतील, आपली माणसं म्हणतात तसं. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"तुम्ही एप्रिलात येताय ना," त्या म्हणाल्या. "तबकं पार्सल करू नका. हातानी आणून द्या."

"आणतो."

"आणि सुधाकरभाऊ, त्यांनी तुम्हाला माफ केलं होतं. त्यांचं त्यांच्यापाशी. म्हणून मी पण केलंय असं धरून येऊ नका."

मी बरं म्हणालो आणि त्यांनी फोन ठेवला.

लतीफ, माझं तिकीट बावीस तारखेचं आहे. मुलाला कळवलं की आधी नाशिकला येत नाही, दापोलीला जाणार आहे. तबकं बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवली आहेत. तू ऑगस्टमध्ये ज्या ओटीवर चढणार होतास, तिथे एप्रिलमध्ये मी जाऊन उभा राहणार आहे, आणि दार भाभी उघडणार आहेत.